हात मांडीखाली

बावाजीमामांच्या शोकसभेत आमच्या फ्लाइंग स्कूलचे मालक म्हणाले, "सरांनी कधी कुणाला दुखावलं नाही," आणि कॉफी माझ्या नाकात गेली. मामांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की तुझ्यापेक्षा विमान बरं, हात सोडले तर निदान सरळ तरी जातं. खुद्द मालकांना ते पाठीमागे विंडसॉक म्हणत. विंडसॉक म्हणजे धावपट्टीच्या कडेला खांबावर लावलेली कापडी पिशवी. वारा येईल तशी ती फुगते आणि वळते. मालकांना हे नाव ठाऊक होतं. तरी सभेत ते रडले, आणि खरंच रडले.

बाकीचे वक्ते शिस्त, सचोटी आणि वक्तशीरपणा यांवर बोलले. मामा विमानात बसून मुरुक्कू, म्हणजे आमच्याकडची चकली, खायचे हे कुणी सांगितलं नाही. राहुकाळाबद्दल तर कुणी चकार शब्द काढला नाही. मीही बोलले नाही. सगळ्यांची समजूत आहे की मामांनी गुडघ्यामुळे उडणं सोडलं. त्यांना विमानातून मी उतरवलं. हे त्या सभेत सांगितलं असतं तर मला दुसरी कॉफी मिळाली नसती.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. तंजावूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत ते आमच्या समोरच्या घरात राहायचे, आणि आमच्या मराठी घरांत समोर राहणारा माणूस मामा नसला तर काका असतो. गावातले तमिळ लोक त्यांना रायर म्हणत, विद्यार्थी रायर सर म्हणत. घरी कमरेला पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, उघडं अंग, केसांना नारळाचं तेल. धावपट्टीवर मात्र बुटात तोंड दिसेल इतकी चकाकी. मी त्यांच्याकडे उडायला शिकायला लागले तेव्हा त्यांनी मला एकच नियम घातला. "गल्लीत मामा, विमानात सर. वर गेल्यावर मामा म्हणालीस तर तिथंच उतरवीन म्हणून सांगून ठेवतो." मला देवनागरी लिहिता येऊ लागली ती पुढे महाराष्ट्रात नोकरीला गेल्यावर, त्यामुळे मामांचं बोलणं मी इथे कानाला आठवतं तसं लिहिते आहे. पुण्याच्या वाचकांनी ते सुधारायला जाऊ नये.

मामी तिरुवैयारूच्या, म्हणजे संगीतातल्या त्यागराजांच्या गावच्या, आणि गाणं शिकवायच्या. मामांना सूर अजिबात कळत नसे. मामींचा वर्ग चालू असताना ते ओट्यावर बसून विचारत, "संपलं की अजून आहे?" मामी म्हणायच्या, माझ्या माहेरच्या गावात म्हशीसुद्धा यापेक्षा बऱ्या माना हलवतात. पण हेच मामा धावपट्टीकडे पाठ करून बाकावर बसत आणि टायर टेकल्याच्या आवाजावरून कोण उतरलं, किती वेगात आणि कुठल्या चाकावर, ते सांगत. यात त्यांना चुकलेलं मी कधी पाहिलं नाही.

धावपट्टी गावापासून तासाभराच्या वाटेवर होती, भातशेतीच्या पलीकडच्या माळावर. पण माझा पहिला धडा तिथे झाला नाही. आडी महिना होता, म्हणजे आमच्याकडे वारा वेड लागल्यासारखा सुटतो तो महिना. मामांनी मला सायकल घेऊन तिरुवैयारूच्या वाटेवरच्या कालव्यावर बोलावलं. बांध अरुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रोपं लावलेलं भात, वारा आडवा. मी सायकलवर पुढे आणि मामा मोपेडवर मागे.

"चाकाकडं काय बघतीस? चाक कुठं पळून जात नाही. त्या शेवटल्या नारळाकडं बघ."

मी नारळाकडे बघितलं तोवर ठीक चाललं होतं. मग एक झोत आला, मी दचकून पुन्हा चाकाकडे बघितलं, हँडल ओढलं आणि सायकलीसकट कालव्यात गेले. पाणी कमरेएवढंच होतं, चिखल मात्र भरपूर. पलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या कंडक्टरने शिट्टी मारून बस हळू केली, लोकांना नीट बघता यावं म्हणून. मामा मोपेडवरून उतरले नाहीत. त्यांनी हँडलला अडकवलेल्या पिशवीतून पितळी डबा काढला, त्यातला एक मुरुक्कू तोंडात टाकला आणि विचारलं, "काय झालं सांग."

"पडले."

"ते कंडक्टरलाही कळालं. त्याच्या आधी काय झालं?"

मी चिखलात उभी राहून सांगितलं. वारा आला. घाबरले. जवळ बघितलं. ओढलं. प्रत्येक शब्दाला मामा मुरुक्कू चावत मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "बेस. मी सांगटलो असतो तर घरी जाईपर्यंत विसरली असतीस. आता वर ये."

विमान उतरवताना धावपट्टीच्या टोकाकडे नजर ठेवायची असते, नाकासमोरच्या डांबराकडे नाही, हे पुस्तकात असतंच. मला ते कालव्यात समजलं. पुढे शेकडो वेळा उतरले, आडव्या वाऱ्यात उतरले, आणि दर वेळी मला तो नारळ दिसला.

आमचं शिकायचं विमान दोन आसनांचं. डावीकडे विद्यार्थी, उजवीकडे इन्स्ट्रक्टर, दोघांपुढे सारखीच कंट्रोलं. एकाने हलवली की दुसऱ्याच्या हातातही हलतात. बाकीचे इन्स्ट्रक्टर दोन बोटं तरी कंट्रोलवर ठेवत. मामा बसले की आधी दोन्ही पाय मागे घेत, मग दोन्ही हात मांड्यांखाली सारत. धावपट्टीवरून उठून, गोल फिरून परत उतरायचं, याला सर्किट म्हणतात. त्या सर्किटमध्ये मी मूर्खपणा करत असे आणि मामा शाळेतल्या शहाण्या मुलासारखे स्वतःच्या हातांवर बसून असत. थोडी बरी चालवायला लागले तेव्हा उजवा हात बाहेर यायचा, पण तो डब्याकडे जायला. हेडसेटमधून मुरुक्कू चावल्याची कुरकुर ऐकू यायची. कुरकुर चालू म्हणजे सगळं ठीक. कुरकुर थांबली की मी घाबरून काटे शोधू लागे: वेग, उंची, दिशा, काय चुकलं? हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते मुद्दाम भलत्याच वेळी चावायला लागले.

एकदा उतरताना मी फार खाली आणि फार हळू आले. समोर ताडाची रांग. मामा स्वस्थ. ताड मोठे होत गेले. मला वाटलं आता ते काही करतील. त्यांनी काही केलं नाही. शेवटी माझ्याच हाताने थ्रॉटल पुढे गेला आणि विमान वर चढलं. उतरल्यावर मी चिडून विचारलं, झाडं दिसत नव्हती का? म्हणाले, "तुझ्याआधीपासून दिसत होती. अजून एक ताड वाढला असता तर मी कंट्रोल घेतलो असतो. तेवढा एक ताड तुझा होता की." माझ्या सगळ्या शिक्षणात ते हात कंट्रोलवर दोनदाच आले, आणि दोन्ही वेळा मी जिवंत राहिले ते त्यामुळेच.

आता राहुकाळ. रोज दीड तास असा असतो की आमच्याकडे कुणी नवं काम सुरू करत नाही. मालकांचा कडक नियम होता, राहुकाळात कुठल्याही विद्यार्थ्याचं पहिलं एकट्याचं उड्डाण, म्हणजे सोलो, करायचं नाही. त्यामुळे त्या दीड तासात बाकीचे इन्स्ट्रक्टर कँटीनला जाऊन बसत आणि आकाश रिकामं होई. सोमवारचा राहुकाळ सकाळी साडेसातला लागतो. वारा निजलेला, ऊन कोवळं. मामांनी हे पंचांग फार बारकाईने अभ्यासलं होतं. त्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांची सोलो सोमवारी सकाळी झाली.

माझ्या वडिलांनी माझ्या सोलोसाठी गुरुजींकडून बुधवारचा मुहूर्त काढून आणला होता. त्या सोमवारी तीन सर्किटं झाल्यावर मामा म्हणाले, "थांबव." मी थांबवलं. त्यांनी डबा उचलला, खाली उतरले, मोकळ्या सीटचा पट्टा घट्ट बांधून ठेवला, दार लावलं, पंखावर दोनदा टकटक केलं आणि चालू लागले. मी सर्किट मारून उतरले तेव्हा ते बाकावर धावपट्टीकडे पाठ करून बसले होते. विद्यार्थी एकटा उडत असताना ते कधी बघत नसत. मी धावत गेले तर पाठमोरेच म्हणाले, "डावं चाक आधी टेकलं."

संध्याकाळी वडील तावातावाने समोर गेले. राहुकाळात मुलीला एकटीला वर पाठवलंत? मामांनी त्यांना बसवलं, मामींनी कॉफी दिली.

"राहुकाळात बाकी सगळे कँटीनला होते, भावजी. वर दोघंच. तुमची मुलगी आणि राहू. दोघांना पुरेल इतकी जागा होती की."

वडील दोन आठवडे त्यांच्याशी बोलले नाहीत. बुधवारच्या मुहूर्तावर त्यांनी मला देवळात नेऊन अर्चना करवली, झालेल्या गोष्टीची.

मामा तोंडाने तिखट होते, पण लेखणीने खोटं लिहीत नसत. एका बड्या माणसाचा मुलगा शिकायला होता. महिने गेले तरी सोलो होईना. मालकांनी सुचवलं, सर, सही करून टाका, पुढे शिकेल. मामा म्हणाले, "मी बघटलो नाही ते मी लिहीत नाही." मग त्यांनी त्या मुलाला विमानात नाही, ओट्यावर बसवलं आणि विचारलं, तुला उडायचं आहे का? मुलगा आधी हो म्हणाला. मामांनी डबा पुढे केला. तिसऱ्या मुरुक्कूनंतर तो रडायला लागला. त्याला जमिनीवरून पाय उचललेला आवडतच नव्हता, फक्त हे घरी सांगायची हिंमत नव्हती. मामा त्याच्या वडिलांकडे स्वतः गेले आणि दोन तास बोलणी खाऊन आले. तो मुलगा शोकसभेला आला होता. मागे उभा होता, आणि भाषण न करता गेला.

मी महाराष्ट्रात काही वर्षं विमान उडवलं, इन्स्ट्रक्टर झाले आणि परत येऊन मामांच्याच शाळेत लागले. पहिल्या दिवशी ओट्यावर बसवून त्यांनी मला सांगितलं, "एक दिवस तुला मला उतरवावं लागेल. मला कळणार नाही, कुणालाच स्वतःचं कळत नाही. म्हणून आत्ता शहाणा आहे तोवर सांगतो. त्या दिवशी मी भांडीन. ऐकू नक्कोस." माझ्या तोंडात मुरुक्कू होता. मी मान डोलवली. असल्या गोष्टीला मान डोलवायला काय लागतं?

तीन वर्षं काही झालं नाही. मग मामांच्या विद्यार्थ्यांची लँडिंगं फार चांगली व्हायला लागली.

मला आधी हेवाच वाटला. सेल्वम नावाचा कुंभकोणमचा एक पोरगा होता, जेमतेम वीस तास उडलेला. मामांबरोबर उतरायचा तेव्हा चाक टेकल्याचं कळतही नसे. एकदा मामांना गावात काम होतं, म्हणून मी त्याला घेऊन गेले. त्याने विमान धावपट्टीवर असं आपटलं की माझी टोपी उडाली. म्हटलं, नवी बाई शेजारी बसली म्हणून बावरला असेल. पण पुढच्या महिन्यात त्यांच्या आणखी दोघांचं तेच झालं. मामांबरोबर अप्रतिम, माझ्याबरोबर धडाम. मी रात्रभर स्वतःलाच दोष दिला. माझ्या बसण्यात काही चुकत असेल, आवाज चढत असेल, काहीतरी.

उत्तर मामींनी दिलं, आणि त्यांना ते उत्तर आहे हे माहीतही नव्हतं. मी कढीपत्ता मागायला गेले होते. मामी म्हणाल्या, "ह्यांचे दात तपासायला पाहिजेत गं. महिना झाला, डबा भरलेला तसाच परत येतो."

मी कढीपत्ता न घेताच घरी आले. डबा भरलेला परत येतो, म्हणजे हात डब्यात जात नाहीत. मग ते कुठे असतात?

इन्स्ट्रक्टरांनी वर्षातून एकदा एकमेकांबरोबर उडायचं असतं. मी सोमवार सकाळ मागून घेतली. मी डावीकडे, मामा उजवीकडे. बसल्यावर त्यांनी हात मांडीखाली घातले, नेहमीसारखे. मी सर्किट मारलं आणि उतरताना मुद्दाम चुकले. नाक लवकर उचललं, असं की विमान उंचावरच थबकून खाली आपटावं. त्याच क्षणी माझ्या हातातलं कंट्रोल हळूच पुढे गेलं, मग हळूच मागे आलं. इतकं हळू, की मी वाट बघत नसते तर मला वाटलं असतं मीच केलं. चाकं मऊ टेकली. मी शेजारी बघितलं तेव्हा हात परत मांडीखाली होते.

"बेस उतरलीस," मामा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी विमान कडेला नेऊन इंजिन बंद केलं.

"सर, काय झालं सांगा."

"काय झालं? नाक जरा लवकर उचललीस. सावरलीस."

"लवकर मी उचललं, मुद्दाम. सावरलं कुणी?"

मामांचा चेहरा लाल झाला. मग ते भांडले. डॉक्टरने मला गेल्या महिन्यात पास केलंय, डोळे तुझ्यापेक्षा चांगले आहेत, तू अजून कालव्यातून पुरती बाहेर आलेली नाहीस, मालकानं तुला पढवलं असेल. आमच्या गल्लीतल्या भांडणात असतात ती सगळी वाक्यं झाली. मी ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं, पण मागे हटले नाही. मला त्यांच्या पाया पडून माफी मागावीशी वाटत होती. तसं केलं असतं तर ते आणखी वर्षभर उडले असते, आणि सेल्वमसारखी पोरं उतरता येतं अशा समजुतीत एकटी वर गेली असती.

भांडण संपल्यावर मी पुन्हा विचारलं, "काय झालं सांगा, मामा."

विमानात मामा म्हटलं होतं. त्यांनी टोकलं नाही. हात मांडीखालून काढून समोर धरले आणि उलटेसुलटे करून बघितले.

"मी हात लावलो," ते म्हणाले.

"रोज लावता?"

"ते कळालं असतं तर मीच उतरलो असतो की." मग हात खाली घेत, "भीती आली गं. कधी आली, काहीच कळालं नाही. पोरं खाली यायला लागली की वाटतं, आता ह्याचं काही झालं तर? पूर्वी पण वाटायचं. पण तेव्हा हात ऐकायचे."

मी रडायला लागले. मामा म्हणाले, "हेडसेट काढून रड. त्याचा माईक खराब होतो."

मग त्यांनी मागचा डबा उचलला, पट्टा सोडला, खाली उतरले. मोकळ्या सीटचा पट्टा घट्ट बांधला. वळून म्हणाले, "मालकाला गुडघा म्हणून सांग. सेल्वम तिकडं उभा आहे, त्याला घेऊन जा. आत्ता. साडेसात वाजून गेले, सगळे कँटीनला आहेत." दार लावलं. पंखावर दोनदा टकटक केलं आणि बाकाकडे चालू लागले. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं, चांगले ताठ चालत होते.

सेल्वम डावीकडे आला, मी उजवीकडे सरकले, मामांचा पट्टा सोडून स्वतःला बांधला. वर गेलो. खाली बाक दिसत होता, आणि धावपट्टीकडे पाठ करून बसलेले मामा, मांडीवर डबा. मी पाय मागे घेतले आणि हात मांड्यांखाली घातले. उतरताना सेल्वमने शेवटच्या क्षणी जवळ बघितलं आणि ओढलं. माझे दोन्ही हात मांड्यांखालून निघायला बघत होते. मी अंगाचा सगळा भार त्यांच्यावर टाकला.

विमान आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं, पुन्हा उडालं, आणि तिसऱ्यांदा एकदाचं जमिनीवर राहिलं. सेल्वमचा चेहरा पांढरा पडला होता. आम्ही बाकाजवळून गेलो तेव्हा मामांनी मागे वळून बघितलं नाही. फक्त उजवा हात डोक्यावर उंच धरला आणि तीन बोटं दाखवली. मधल्या बोटात मुरुक्कू अडकवलेला होता. मी हात लावला नव्हता, हे त्यांना ऐकू आलं होतं. मग तो हात खाली आला, मुरुक्कू तोंडात गेला, आणि मी सेल्वमला विचारलं, "काय झालं सांग."